गणिताच्या तासिकेत कोडी आणि खेळ : त्यातून नेमके काय शिकले जाते?

भाज्यभाजक

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवतो. गणिती विचार मुलांना आनंददायक वाटावा यासाठी कोडी आणि खेळ यांचा नियमित वापर करावा, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्पष्ट म्हटले आहे, आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात आणि शिक्षण परिषदेत हा विषय निघतो. त्यामुळे खेळ घ्यावेत की नाही, हा माझा प्रश्न नाही. आमच्याकडे आठवड्यातील एक तासिका त्यासाठी राखलेली आहे आणि मुले तिची वाट पाहत असतात.

माझी अडचण पुढची आहे. खेळताना चटकन हिशेब करणारा विद्यार्थी तेच गणित वहीत समोर आले की अडखळतो, आणि वहीत बिनचूक असणारी एखादी मुलगी खेळात गोंधळून जाते. कोणत्या खेळातून गणित खरोखर शिकले जाते आणि कोणत्या खेळावर ते केवळ वरून शिंपडलेले असते, हे कसे ओळखावे? खेळांच्या याद्या माझ्याकडे भरपूर आहेत. आपण प्रत्यक्ष घेतलेला खेळ कोणत्या घटकासाठी होता आणि खेळ संपल्यावर आपण वर्गात काय केले, हे कृपया लिहावे.

दख्खनचा_वाटसरू

खेळाच्या तासिकेला गणिताचे शिक्षक येतात, अशी आमची पिढीजात तक्रार होती. गणिताच्या तासिकेला खेळ येतात, ही तक्रार मात्र प्रथमच वाचली.

सुनंदा_बाई

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले असल्याने माझा अनुभव तिसरी-चौथीपुरता आहे. माझा भरवशाचा खेळ २१ चिंचोक्यांचा होता. दोघांच्या मध्ये २१ चिंचोके ठेवायचे, आपल्या पाळीला एक, दोन किंवा तीन उचलायचे, आणि शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती येईल तो जिंकला. सुरुवातीचे डाव मुले नशिबावर सोडतात. मग कोणाच्या तरी लक्षात येते की आपल्यापुढे चार राहिले की आपण हरलोच. हे असे का होते, ते मी कधीच सांगत नसे, कारण मुलेच एकमेकांना पटवून देतात : तू एक उचललास तर मी तीन उचलीन, तू दोन उचललेस तर मी दोन, आणि तू तीन उचललेस तर मी एक. चारानंतर आठ सापडायला थोडा वेळ लागतो, परंतु आठ सापडले की बारा, सोळा आणि वीस आपोआप येतात, आणि पहिल्याने एकच चिंचोका उचलून समोरच्यापुढे वीस ठेवावेत, हे साऱ्या वर्गाला उमगते.

खेळ तिथेच थांबवला तर ती केवळ जिंकण्याची युक्ती ठरते. म्हणून त्यानंतर मी नियम बदलत असे. एक ते चार उचलण्याची परवानगी दिली तर कोणता पाढा येईल? सुरुवातीला २१ ऐवजी २० ठेवले तर पहिल्याने खेळावे की दुसऱ्याने? ‘जास्तीत जास्त जितके उचलता येतात त्याहून एकाने मोठ्या संख्येचा पाढा’ हे विधान चौथीतील मुले स्वतःच्या शब्दांत मांडू लागली, की मी ते फळ्यावर लिहून घेत असे. माझ्या मते गणित त्या विधानात होते, आणि खेळामुळे ते मुलांना स्वतःहून मांडावेसे वाटले.

पाचवीची_आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे, त्यामुळे माझे म्हणणे कडू वाटल्यास क्षमस्व. माझी मुलगी पाचवीत आहे आणि यंदा तिची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. तिच्या वर्गात खेळ होतात, ती घरी येऊन ते उत्साहाने सांगतेही, परंतु अपूर्णांकांची वजाबाकी मात्र आम्हाला घरीच शिकवावी लागते. पाढ्यांसाठी चिंचोके ठीक आहेत. पाचवीच्या पुढील घटकांसाठी, ज्यांच्यावर परीक्षेत प्रश्न येतात, त्यांच्यासाठी कोणी खेळ घेतो का, की सोप्या घटकांसाठी खेळ आणि अवघड घटकांसाठी गृहपाठ अशी वाटणी झालेली आहे?

सावकाश

पाचवीच्या आईंनी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. बहुतेक शाळांत खेळ म्हणजे पाढ्यांची हाऊजी किंवा ‘जो आधी उत्तर देईल त्याला गुण’ असा प्रकार असतो. त्यात ज्याला आधीच येते तो जिंकतो आणि ज्याला येत नाही त्याला आपल्याला येत नाही हे सर्वांसमोर पुन्हा एकदा कळते. अशा खेळाला मी पाठांतराची तोंडी परीक्षाच म्हणेन. हाऊजीमधील अंकांच्या जागी इतिहासातील सनावळ्या घातल्या तरी खेळात काहीच बदलत नाही, आणि भाज्यभाजक सरांच्या प्रश्नाची एक कसोटी मला यातच दिसते. गणित काढून दुसरा विषय घातला तरी खेळ जसाच्या तसा चालत असेल, तर त्या खेळात गणित नाही.

सुनंदा_बाई

सावकाश यांची कसोटी मान्य आहे, परंतु हाऊजी सरसकट मोडीत काढू नये. पाढे तोंडावर असणे ही गरज आहे आणि सरावाचा कंटाळा घालवणे हेही एक काम आहे. फक्त त्या तासिकेला सराव म्हणावे, शिकवणे म्हणू नये.

डोंगरवाट

मी अकोले तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत आहे. एका खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात, त्यामुळे एका इयत्तेला शिकवताना दुसरी गुंतवून ठेवण्यासाठी मला खेळ लागतातच.

स्थानिक किमतीसाठी मी अंककार्डांचा खेळ घेते. प्रत्येकाने पाटीवर चार चौकटी आखायच्या : हजार, शतक, दशक, एकक. मी ० ते ९ यांपैकी एक कार्ड काढते आणि पुढचे कार्ड काढण्यापूर्वी प्रत्येकाने तो अंक कोणत्या तरी एका चौकटीत लिहायचा. एकदा लिहिलेला अंक हलवता येत नाही. सर्वांत मोठी संख्या ज्याची, तो जिंकला. पहिलेच कार्ड सहाचे आले तर ते हजाराच्या घरात लिहावे की शतकाच्या, यावर मुले जी चर्चा करतात ती ऐकण्यासारखी असते, कारण त्यात स्थानिक किंमत आहे आणि पुढे याहून मोठा अंक येण्याची शक्यता किती, याचा अंदाजही आहे. जिंकणारा मुलगा दर वेळी हुशारच असतो असेही नाही, आणि त्यामुळे मागे पडणारी मुले खेळात टिकून राहतात.

पाचवीच्या आईंना उत्तर : अपूर्णांकांची वजाबाकी खेळातून येते आणि त्यासाठी जुन्या लग्नपत्रिका पुरतात. जाड कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून घ्या. एक पट्टी अखंड ठेवा, बाकीच्यांचे अर्धे, चतुर्थांश, अष्टमांश आणि षोडशांश असे तुकडे करा. कोऱ्या फाशाच्या सहा बाजूंवर १/२, १/४, १/८, १/८, १/१६ आणि १/१६ असे लिहा. पहिला डाव पट्टी भरण्याचा : फाशावर येईल तेवढा तुकडा पट्टीवर ठेवायचा आणि नेमकी एक पूर्ण पट्टी भरायची. दुसरा डाव उलट, म्हणजे अखंड पट्टीपासून सुरुवात करून फाशावर येईल तेवढे काढून टाकायचे. पहिल्याच फेकीला १/८ आले की मुलाची पंचाईत होते, कारण अखंड पट्टीतून अष्टमांश काढता येत नाही. तिचे आधी तुकडे करून घ्यावे लागतात आणि ते कोणते करावेत, हे त्याने ठरवायचे असते. समच्छेद करणे म्हणजे काय, हे त्या अडवणुकीतून कळते.

मात्र एक अट मी काटेकोर पाळते. प्रत्येक चाल वहीत अंकांत लिहायची : १ − १/८ = ७/८, मग ७/८ − १/४ = ५/८, अशी. लिहिले नाही तर पुढची पाळी मिळत नाही.

पाचवीची_आई

आभारी आहे. लग्नपत्रिकांचा ढीग आमच्याही घरी आहे.

स्थिरांक

वजाबाकीचा विषय निघालाच आहे, तर नाशिकजवळच्या देवळालीतील शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. डहाणूला १९०५ साली जन्मलेल्या या शिक्षकाने शाळेतील नोकरी सांभाळून संख्यांशी खेळण्यात आयुष्य घालवले, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यानंतर जगभरच्या वाचकांना त्यांचे काम माहीत झाले. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक आता राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या सहावीच्या गणिताच्या नव्या पुस्तकातही आलेला आहे.

रीत अशी : चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करा, आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, नंतर ८७३० − ०३७८ = ८३५२, आणि नंतर ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कोणतीही संख्या तिथे पोहोचते. साठ मुलांच्या वर्गात साठ वेगळ्या संख्या घेऊन सुरुवात करावी आणि सर्वांची उत्तरे एकाच जागी यावीत, यात जी गंमत आहे तिच्या ओढीने मुले हातच्याच्या वजाबाकीची कितीतरी उदाहरणे तक्रार न करता सोडवतात. शिवाय एखाद्याचे ६१७४ आले नाही, की चूक झाली आहे हे त्याचे त्यालाच कळते आणि शिक्षकाच्या लाल पेनाची वाट पाहावी लागत नाही.

वेधशाळा

स्थिरांक यांच्या उदाहरणात एक बारकावा जोडतो. २१११ ही संख्या घेऊन पाहा. २१११ − १११२ = ९९९. काही मुले इथे तीनच अंक उरले म्हणून ९९९ − ९९९ = ० करून थांबतात आणि कापरेकरांचा नियम खोटा ठरल्याचे जाहीर करतात. हे उत्तर ०९९९ असे चार अंकी धरले, की ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ९९८१ − १८९९ = ८०८२, मग ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि शेवटी ६१७४. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, असे आपण मुलांना सांगत आलेलो असतो. मांडणीत मात्र त्याची जागा राखावी लागते, हा मुद्दा व्याख्यानाने इतका ठसला नसता.

आता मूळ प्रश्नाकडे. या विषयावर आपल्याच देशात मोठा प्रयोग झालेला आहे आणि त्याचे निष्कर्ष उत्साही मंडळींना जरा अडचणीचे आहेत. दिल्लीतील बालवर्गांत, ‘प्रथम’ या संस्थेच्या सहकार्याने, दीड हजारांहून अधिक बालकांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की यांचा त्यात सहभाग होता. मुलांना ठिपक्यांच्या समूहांची तुलना करण्याचे आणि आकृत्यांचे खेळ दिले गेले. खेळ खेळलेल्या मुलांची अंदाजाने तुलना करण्याची क्षमता वाढली आणि ती वाढ वर्षभरानंतरही टिकून होती. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या औपचारिक गणितात, म्हणजे अंकचिन्हे आणि बेरजा-वजाबाक्यांमध्ये, त्यांना टिकाऊ फायदा झाल्याचे आढळले नाही. ही मुले भाज्यभाजक सरांच्या विद्यार्थ्यांपेक्षा पुष्कळ लहान होती, तरी त्यांनी वर्णन केलेली दरी जवळपास हीच आहे.

रोखठोक

म्हणजे संशोधनाने सिद्ध झाले की खेळ निरुपयोगी आहेत. धागा संपला असे समजावे काय?

वेधशाळा

असे समजू नये. त्या खेळांमध्ये अंकचिन्हे जवळजवळ नव्हती, आणि ज्याचा सराव झाला ते सुधारले, एवढाच त्याचा अर्थ मला दिसतो.

याच्या जोडीला रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी या मानसशास्त्रज्ञांचे अमेरिकेतील काम वाचावे. अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांमधील चार-पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी एका रांगेत दहा घरे असलेला पट खेळायला दिला. काही मुलांच्या पटावर घरांत १ ते १० अंक होते, काहींच्या पटावर नुसते रंग होते. अंकांच्या पटावर खेळलेल्या मुलांची संख्यांच्या लहान-मोठेपणाची जाण स्पष्टपणे सुधारली, रंगांच्या पटावर खेळलेल्यांची सुधारली नाही. पुढील अभ्यासात त्यांना असे दिसले की घरे वर्तुळाकार मांडली तर सरळ रांगेइतका फायदा होत नाही.

सर्वांत उपयुक्त निरीक्षण सीगलर यांनी एलिडा लॅस्की यांच्यासह २०१४ मध्ये मांडले. त्यांचा पट शंभरपर्यंतचा होता. सोंगटी ४५ वर असताना तीन पडले, तर मूल ‘एक, दोन, तीन’ असे म्हणत पुढे गेले की फारसे शिकत नाही. ‘सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस’ असे घरातले अंक उच्चारत गेले की शिकते. पट तोच आणि फासाही तोच असताना केवळ तोंडाने काय म्हटले यावर शिकणे अवलंबून राहिले. डोंगरवाट यांची ‘लिहिल्याशिवाय पुढची पाळी नाही’ ही अट मला याच जातीची वाटते.

डोंगरवाट

वेधशाळा यांचा हा मुद्दा आमच्या सापशिडीला तंतोतंत लागू पडतो. तिच्यात आणखी एक खोच आहे. नेहमीच्या पटावर पहिली ओळ डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे ७ च्या डोक्यावर १४ येतो. खेळाला ते सोयीचे आहे, कारण सोंगटी सलग सरकते. पण दशक वाढला की एकक तोच राहतो, हे मुलाला दिसायला हवे असेल तर ७ च्या डोक्यावर १७ यायला हवा. म्हणून मी दुसरीसाठी सर्व ओळी डावीकडून सुरू होणारा पट खडूने फरशीवर आखते आणि साप-शिड्याही सरळ उभ्या काढते. शिडीने दोन ओळी वर गेलो म्हणजे वीस वाढले, हे मुले मग पावले न मोजता सांगतात.

दख्खनचा_वाटसरू

आमच्या लहानपणी ९८ वरचा साप थेट तळाशी आणत असे. ऋण संख्यांची धास्ती आमच्या मनात तेव्हाच बसली असावी.

विदर्भकन्या

सापशिडीबरोबर चल्लस-आठ हा जुना खेळही वर्गात आणावा, असे मला वाटते. आठवी-नववीच्या मुलांना तो बालिश वाटत नाही. चार अर्धे चिंचोके उडवायचे. जितक्या पांढऱ्या बाजू वर येतील तितके दान, चारही पांढरे आले तर चल्लस म्हणजे चार, आणि चारही काळे आले तर आठ. गावोगावी नियमांत फरक आहेत, पण दाने बहुतेक ठिकाणी अशीच असतात.

मी आधी मुलांना विचारते की कोणते दान सर्वांत जास्त वेळा पडेल. नंतर प्रत्येक जोडीने शंभर फेकी टाकून त्यांच्या नोंदी ताळ्याच्या खुणांनी करायच्या. त्यानंतर फळ्यावर मांडणी : प्रत्येक चिंचोक्याच्या दोन बाजू, म्हणून चार चिंचोक्यांच्या एकूण १६ शक्यता, त्यांपैकी एक पडण्याच्या ४, दोन पडण्याच्या ६, तीन पडण्याच्या ४, चल्लसची १ आणि आठाची १. मुलांच्या नोंदी या हिशेबाशी जुळत नाहीत. त्या का जुळत नाहीत, या प्रश्नावर तासिकेचा उरलेला वेळ जातो, कारण अर्धा चिंचोका नाण्यासारखा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. सर्व शक्यता समान आहेत, हे गृहीतक पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येऊन जाते आणि मुले ते वाचतही नाहीत. इथे त्या गृहीतकावाचून गाडी पुढे सरकत नाही.

दहावी_ब

संभाव्यता हे प्रकरण दहावीच्या गणित भाग १ मध्ये असल्याने मी त्याची सुरुवात घोड्यांच्या शर्यतीने करतो. फळ्यावर १ ते १२ असे बारा घोडे असतात. दोन फासे टाकायचे, बेरीज जितकी येईल त्या क्रमांकाचा घोडा एक घर पुढे जातो. दर वर्षी कोणी ना कोणी मोठ्या विश्वासाने पहिला घोडा निवडतो आणि तो घोडा तबेल्यातून बाहेरच पडत नाही. नंतर ३६ नमुना घटकांचा तक्ता मुले स्वतःच मागतात, कारण सातव्या घोड्याला ३६ पैकी ६ संधी आणि दुसऱ्या व बाराव्याला एकेकच, हा अन्याय त्यांना सिद्ध करून हवा असतो. मंडळाच्या परीक्षेत दोन फाशांचे उदाहरण विचारले जाते, हे पालकांच्या माहितीसाठी नमूद करतो.

रोखठोक

माझा मूळ आक्षेप अजून कायम आहे. गणिताला खेळाचा मुखवटा चढवण्याची गरज का वाटावी? भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त भुंग्यांचे गणित घातले : थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्रावर, त्या दोहोंतील फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा गंधाने वेडा होऊन हवेत भिरभिरतो आहे, तर भुंगे एकूण किती? काव्य सुंदर आहे, पण मुलाला शेवटी समीकरणच सोडवायचे आहे, आणि ज्याला समीकरण येत नाही त्याला कदंबाचा सुगंध घेऊन काही लाभ नाही.

स्थिरांक

उत्तर १५. पाचवा भाग ३, तिसरा भाग ५, फरकाची तिप्पट ६, आणि एक भिरभिरणारा. भुंग्यांबद्दल मी रोखठोक यांच्याशी सहमत आहे. ते शब्दांत गुंडाळलेले उदाहरणच आहे, अर्थात आजच्या पुस्तकांतील नळ आणि टाक्यांपेक्षा गुंडाळी पुष्कळ चांगली आहे.

सावकाश

रोखठोक यांनी ‘कोडे’ आणि ‘सजवलेले उदाहरण’ यांत फरक करावा. खरे कोडे ते, ज्यात कोणती रीत वापरायची हे आधी ठाऊक नसते. आठवीतील मुलांना मी नेहमी एक कोडे देतो. बुद्धिबळाच्या पटाचे तिरपे समोरासमोरचे (एकाच कर्णावरचे) दोन कोपरे कापून टाकले, उरली ६२ घरे. एका वेळी शेजारची दोन घरे झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी हा पट पूर्ण झाकता येईल का? मुले कागदावर प्रयत्न करीत राहतात. दर वेळी दोन घरे उरतात आणि दर वेळी त्यांना वाटते की अगदी थोडक्यात हुकले. शेवटी कोणीतरी उरलेल्या घरांच्या रंगाकडे पाहते. कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे असतात, म्हणून एका रंगाची ३२ आणि दुसऱ्याची ३० घरे उरतात, आणि प्रत्येक पट्टी तर दोन्ही रंगांचे एकेक घर झाकते. म्हणजे ते अशक्य आहे.

‘मला जमले नाही’ आणि ‘कोणालाच जमणार नाही’ या दोन विधानांतील अंतर भूमितीतील सिद्धतांमध्ये क्वचितच दिसते, कारण तिथे जे सिद्ध करायचे ते खरे असल्याचे पुस्तकाने आधीच सांगून ठेवलेले असते.

रोखठोक

या कोड्याला मुखवटा म्हणता येणार नाही, हे मान्य. मात्र अशा कोड्यावर एक अख्खी तासिका जाते आणि अभ्यासक्रमाच्या तक्त्यात ती कोणत्या घटकाखाली दाखवायची, हे मुख्याध्यापकांना विचारून सांगावे.

भाज्यभाजक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रोखठोक सरांच्या प्रश्नाला माझ्या पुरते उत्तर असे की ती तासिका मी ‘सिद्धता’ या शीर्षकाखाली दाखवीन आणि कोणी विचारले तर पट्ट्या त्याच्याही हाती देईन.

ही चर्चा वाचताना मी आमच्या खेळाच्या तासिकेची वही काढून पाहिली. तिच्यात खेळाचे नाव, जिंकलेला गट आणि दिनांक एवढेच लिहिलेले आहे. चालींची नोंद कुठेच नाही, म्हणजे चाळीस मिनिटे जो विचार झाला तो घंटेबरोबर पुसला गेला. या आठवड्यात सातवीत मी मनातली संख्या ओळखण्याचा खेळ घेतला : कोणतीही संख्या मनात धरा, तिची दुप्पट करा, १० मिळवा, निम्मे करा, मूळ संख्या वजा करा, उत्तर ५. पूर्वी हा खेळ टाळ्या पडल्या की संपत असे. या वेळी मुलांना प्रत्येक पायरी चित्राने दाखवायला सांगितली, न दिसणाऱ्या संख्येसाठी पिशवी आणि दिसणाऱ्या संख्येसाठी ठिपके. दोन पिशव्या आणि दहा ठिपके, मग एक पिशवी आणि पाच ठिपके, मग पिशवी काढून घेतली. पिशवीत काय आहे हे कळण्याची गरजच पडत नाही, हे एका मुलीने फळ्यापाशी येऊन सांगितले. पिशवीच्या जागी ‘क्ष’ लिहायला त्यानंतर फारसा वेळ लागला नाही, आणि मुलांनी स्वतःच्या युक्त्या रचायला सुरुवात केली, ज्यांपैकी काही चुकतात आणि का चुकतात ते पिशव्यांवरून दिसते.

एक प्रश्न मात्र उरतोच. खेळात गोंधळणारी, पण वहीत बिनचूक असणारी ती मुलगी या साऱ्यात कुठे बसते?

सुनंदा_बाई

तिला खेळायला बसवण्याआधी नोंद ठेवणारी करावी. दोघांचा डाव ती लिहून घेईल आणि कोणती चाल चुकली ते डाव संपल्यावर सांगेल. अशा मुलींना घाईची भीती असते, गणिताची नसते. काही डाव लिहिले की त्या आपणहून खेळायला मागतात, आणि मागितले नाही तरी तिचे काही बिघडलेले नाही.

पाचवीची_आई

पट्ट्यांचा खेळ घरी सुरू केला आहे. मुलगी आता विचारते आहे की त्यातच तृतीयांश आणि षष्ठांश यांच्याही पट्ट्या का करू नयेत. मी करून देऊ का?

डोंगरवाट

वेगळा संच करून द्या : अर्धा, तृतीयांश, षष्ठांश आणि द्वादशांश. दोन्ही संच एकाच डावात मिसळले तर अष्टमांश देऊन षष्ठांश घ्यायची वेळ येते आणि सुटे देण्यासाठी चोविसाव्या भागाचे तुकडे लागतात, जे कात्रीने नीट कापता येत नाहीत. तिने स्वतःच संच मिसळले तर अडवू नका. किती बारीक तुकडे लागतील, हे तिलाच आधी कागदावर काढायला सांगा, कारण तिचा लसावि तिथूनच सुरू होईल.